आधी ऐकणे : मित्रास पत्र

म्हापसा, गोवा

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम नमस्कार.

इतकी वर्षे नेमाने मिस्सेला, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेला जाऊन, बायबलवरची भाष्ये वाचून आणि अभ्यासवर्गांना बसूनही आपल्या श्रद्धेला पक्का आधार का लाभत नाही, असे तू कळकळीने विचारले आहेस. तुझा प्रश्न मी बरेच दिवस मनात वागवला. तुझे वाचन कमी पडते असे मला मुळीच वाटत नाही. माझ्या मते वाचनाच्या आधी येणारी एक गोष्ट मागे राहिली आहे, ती म्हणजे ऐकणे. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की विश्वास ऐकण्यातून येतो आणि ते ऐकणे ख्रिस्ताच्या वचनाचे असते. हे वाक्य आपण दोघांनी कितीदा तरी उद्धृत केले असेल; पण ते खरे मानून रविवारी प्रार्थनामंदिरात बसणे ही वेगळी गोष्ट आहे.

वाचताना आपण मालक असतो. आवडलेल्या ओळीवर थांबतो, अवघड वंशावळ ओलांडतो, खटकणाऱ्या वचनाशी लगेच वाद घालू लागतो. दुसऱ्याच्या आवाजात तेच वचन कानी पडते तेव्हा त्याचा क्रम आणि त्याची गती आपल्या हाती राहत नाही. जे आपण कधी निवडले नसते तेही आपल्यापर्यंत पोहोचते. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना शास्त्र बहुधा असेच भेटले. पौलाची पत्रे सभेत मोठ्याने वाचली जात. प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या आरंभी वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना, दोघांनाही धन्य म्हटले आहे. प्रेषितांच्या कृत्यांतला तो इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत होता तेही मोठ्याने, म्हणून तर धावत आलेल्या फिलिपाला ते ऐकू आले आणि 'वाचता ते समजते का?' असे त्याला विचारता आले.

आपल्या गोव्याच्या मातीला हे नवे नाही. १५७९ साली येथे आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी दक्षिण गोव्यातील सासष्टीत राहून मराठी भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. जुन्या करारातील कथा पहिल्या पुराणात आणि प्रभू येशूचे चरित्र दुसऱ्यात, अशी दहा हजारांहून अधिक ओव्यांची ती रचना आहे. त्यांनी ओवी निवडली याचे मला फार मोल वाटते, कारण ज्ञानेश्वर आणि एकनाथांपासून आपली माणसे ओवी कानांनीच साठवत आली होती. अक्षरओळख नसलेल्या स्त्री-पुरुषांपर्यंतही शास्त्र पोहोचावे, तर त्यांच्या सवयीच्या लयीत ते कानी पडायला हवे, हे त्या परदेशी येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूने ओळखले. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान देणाऱ्या समाजाला आणखी कशाने हाक मारायची?

प्रभूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानात मला याविषयी सर्वांत अधिक शिकवणारा प्रसंग डोंगरावरील रूपांतराचा आहे, जिथे शिष्यांसमोर प्रभूचे रूप तेजोमय होते. जुन्या करारातील मोशे आणि एलिया प्रभूशी बोलत आहेत आणि शिष्य पेत्र तीन मंडप उभारण्याची योजना मांडतो आहे. मत्तय सांगतो की तो बोलत असतानाच मेघातून वाणी झाली: हा माझा प्रिय पुत्र आहे, याचे ऐका. पेत्राचा हेतू शुद्ध होता, भक्तीही खरी होती. पण त्याच्या उत्साहाला ऐकण्याआधी काहीतरी करून टाकायचे होते. आपली धर्मकार्ये, समित्या आणि चर्चासत्रे पाहतो तेव्हा हा प्रसंग आठवून मी पुष्कळदा अस्वस्थ होतो.

पेरणाऱ्याचे बी चार प्रकारच्या जमिनींवर पडते, त्या दाखल्याकडेही या दृष्टीने पाहा. मार्काच्या चौथ्या अध्यायात प्रभू तो दाखला 'ऐका' असे म्हणूनच सुरू करतो, आणि पुढे त्याचे स्पष्टीकरण करताना चारही प्रकारच्या जमिनींविषयी तो म्हणतो की त्या लोकांनी वचन ऐकले. खडकाळ जमिनीने तर ते आनंदाने स्वीकारले. म्हणजे शब्द कानावर पडणे चौघांनाही लाभले होते. फरक पडला तो नंतर, ते वचन आत किती काळ टिकले आणि चिंता, धनाचा मोह व संकटे आल्यावर त्याचे काय झाले यात. याच विषयावर मार्क सांगतो की तुम्ही काय ऐकता याकडे लक्ष द्या, तर लूक सांगतो की कसे ऐकता याकडे. तुला पाया हवा आहे, तर मत्तयाच्या सातव्या अध्यायातील दोन घरेही आठव. खडकावर बांधणारा आणि वाळूवर बांधणारा, दोघांनीही प्रभूची वचने ऐकली होती. एकाने त्यांप्रमाणे केले, दुसऱ्याने केले नाही. तेव्हा मी ज्याला लक्षपूर्वक ऐकणे म्हणतो ते कानाशी संपत नाही, ते सोमवारच्या वागणुकीपर्यंत जाते.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली मिस्सेतील वाचनांची नवी रचना झाली आणि तीन वर्षांच्या चक्रात मत्तय, मार्क व लूक क्रमाने आपल्यासमोर येऊ लागले. योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वी) व पास्काकाळात (ईस्टरपासून पुढे) ऐकायला मिळते. हे केवढे वैभव आहे! त्या चक्राच्या तिसऱ्या वर्षी, सामान्य काळाच्या (सणांच्या खास काळांबाहेरील दिवसांच्या) तिसऱ्या रविवारी, नहेम्याच्या आठव्या अध्यायातील वाचन येते: शास्त्री एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी वंशातील मंदिरसेवक त्याचा अर्थ समजावतात, आणि ऐकता ऐकता लोक रडू लागतात. त्यांना सांगितले जाते की शोक करू नका, गोडधोड खा आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांनाही वाटा पाठवा. त्याच दिवशीच्या शुभवर्तमानात नासरेथच्या सभास्थानात स्वतः प्रभू यशयाचे पुस्तक उघडून वाचतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये हाच तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. इतके असूनही आपल्या मिस्सेत पहिले वाचन चालू असताना अनेकजण खाली मोबाईलमध्ये पाहत असतात, कधी तेच वाचन शोधण्यासाठीसुद्धा, आणि वाचकही पुष्कळदा गाडी चुकेल अशा घाईने वाचतो. वाचकाने आदल्या दिवशी घरी ते वाचन दोन-तीनदा मोठ्याने म्हणून यावे, असा माझा आग्रह आहे. ऐकणाऱ्यांच्या श्रद्धेची जबाबदारी तेवढा वेळ त्याच्या आवाजावर असते.

ऐकूनही मन कोरडेच राहील, ही तुला वाटणारी भीती मी हलकी मानत नाही. पण जुन्या करारातील बालक शमुवेलाची गोष्ट पाहा: त्याला देवाची हाक ऐकू आली तरी ती कोणाची हे कळले नाही, तो पुनःपुन्हा याजक एलीकडे धावला, आणि वृद्ध एलीने सांगितल्यावरच 'बोल, तुझा दास ऐकत आहे' असे म्हणाला. न कळणे हा ऐकण्याचाच भाग आहे, आणि म्हणून ओळख पटवून देणारा दुसरा कोणीतरी जवळ लागतो. तू हे सारे एकट्याने पुस्तकांशी झुंजत करतो आहेस, हेच मला अधिक सलते.

म्हणून एक विनंती करतो. भाष्ये थोडे दिवस कपाटात राहू दे. रात्री जेवणानंतर वहिनींना किंवा मुलांना मार्काचे शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून थोडे थोडे वाचून दाखवायला सांग, आणि तू पुस्तक हातात न घेता नुसता ऐकत बस. वाचून झाल्यावर लगेच अर्थ सांगायला सुरुवात करू नकोस. मुलांच्या मनात कोणते वाक्य राहिले ते आधी त्यांना सांगू दे. चौथ्या अध्यायापर्यंत पोहोचलास की मला लिही, मग त्या दाखल्यावर आपण सविस्तर बोलू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गोव्यातील मित्र