टर्बो बसवलेल्या इंजिनातली खडखड

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचलं. टर्बो बसला, इंजिन पहिल्याच दिवशी नीट चाललं, याचा मनापासून आनंद झाला. पण "तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली की कधीकधी बारीक खडखड येते, बाकी गाडी मस्त पळते" असं तू जाता जाता लिहिलंस, त्या ओळीवर मी अडकलो. बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब, आत्ता अजिबात वाढवू नकोस. आहे तोही कमी कर, आणि मग पुढचं वाच.

डब्यात खडे हलवल्यासारखा तो आवाज असेल, तर ते नॉकिंगच आहे. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि तिच्या पुढचं, अजून न जळलेलं मिश्रण दाबाने तापत जातं. ज्योत पोचण्याआधीच ते आपसूक पेटलं, की दाबाच्या लाटा सिलिंडरभर आपटत राहतात. पिस्टनच्या माथ्यावर वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो. त्याच्यामुळेच ॲल्युमिनियम टिकतं. या लाटा तो थरच विस्कटून टाकतात. मग रिंगांमधले कंगोरे तुटतात, हेड गॅस्केट जातं.

कंपनीचा नॉक सेन्सर सांभाळून घेईल, असं तू धरून चालला आहेस. मला काळजी वाटते ती याचीच. तो सेन्सर म्हणजे ब्लॉकची थरथर ऐकणारा पिझो स्फटिक. कुठली थरथर नॉकची आणि कुठली साधी, हे इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला, मूळ इंजिनावर शिकवलेलं असतं. तू फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, पिस्टन घातलेस. थंड असताना ते सिलिंडरवर आपटतात, तेव्हा नसलेला नॉकही 'दिसू' शकतो. उलट एकूण गोंगाटच वाढला, तर खरा नॉक त्यात बुडून जातो. नॉकची मुख्य कंप्रता साधारण बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या व्यासावर, ठरते: 1800 ला पाय (π) आणि मिलिमीटरमधला बोअर यांच्या गुणाकाराने भागलं की किलोहर्ट्‌झमध्ये उत्तर येतं. 86 मिलिमीटरला सुमारे 6.7. सेन्सरच्या सिग्नलचा फिल्टर त्या कंप्रतेच्या आसपास लाव, आणि ऐकण्याची वेळ पिस्टन वरच्या टोकाला येऊन गेल्यानंतरच्या 60-70 अंशांपुरतीच ठेव. नाहीतर व्हॉल्व्ह बंद होण्याचे आवाजही त्यात शिरतील. नॉक कशाला म्हणायचं ती मर्यादा मात्र तुझ्याच इंजिनावर, प्रत्येक आरपीएमला वेगळी ठरवावी लागेल. सेन्सर स्वच्छ जागेवर, वॉशर न घालता, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच आवळ.

डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ट्यूनिंग करताना ब्लॉकला मायक्रोफोन लावून हेडफोनवर ऐक. एकदा खरा नॉक त्यातून ऐकलास की पुन्हा ओळखायला चुकणार नाहीस. गाडीत बसून नुसत्या कानावर भिस्त ठेवणं मला मान्य नाही, कारण वरच्या आरपीएमला बाकीचे आवाज त्याला गिळून टाकतात. पूर्ण लोडवर एक पुल (खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत एक सलग धाव) झाला की लगेच इंजिन बंद कर, प्लग काढ आणि भिंगातून पांढरं पोर्सेलीन बघ. त्यावर काळे ठिपके किंवा चकाकणारे बारीक कण दिसले, तर ते कण पिस्टनचे आहेत असं समज, आणि तिथेच थांब.

आता उपाय. इसीयूमधल्या आहे त्या मॅपवरून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, चार-पाच अंश मागे घे, मग एकेक अंश पुढे जा. टॉर्क वाढणं थांबलं की पुढे जायचं कारण उरत नाही. साध्या पेट्रोलवर टर्बो असताना मात्र बहुधा तिथे पोचण्याआधीच नॉक गाठेल. तसं झालं तर त्याच्या दोन-तीन अंश अलीकडे राहा. पीक टॉर्कच्या आसपास जास्त जप, सिलिंडर तिथेच सर्वात जास्त भरतो. टायमिंग कितीही मागे घेता येतं असंही नाही. एक्झॉस्ट तापत जातो आणि त्याची झळ टर्बोला बसते. तिथे बूस्टच कमी करायचा.

पूर्ण बूस्टला लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण (1 च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त), 0.80 ते 0.85 च्या दरम्यान ठेव, आणि इंजेक्टर व पंप तेवढं पेट्रोल खरंच देतात का ते लॉगमध्ये तपास. इनटेकची हवा तापली की टायमिंग आपोआप मागे यायला हवं, तो टेबल रिकामा ठेवू नकोस. कॅच कॅन (ऑइलची वाफ अडवणारा डबा) जरूर लाव, इनटेकमध्ये शिरलेलं ऑइल मिश्रणाचा ऑक्टेन खाली खेचतं. टायमिंग मागे घेऊनही आवाज गेला नाही, तर ते ठिणगीआधीच पेटणं असू शकतं. तेव्हा एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घाल आणि कार्बन साफ कर.

वॉटर-मिथेनॉलचं, म्हणजे इंजिनात पाणी-मिथेनॉलचा फवारा मारण्याचं, विचारलं होतंस. 1962 च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्ये ते कंपनीनेच दिलं होतं, 10.25 कॉम्प्रेशनवर टर्बो चालवायला. द्रव संपला की बूस्ट आपोआप मर्यादित व्हायचा. मला त्यातली हीच गोष्ट सर्वात आवडते. तू बसवणार असशील तर टाकी रिकामी झाली किंवा पंप बंद पडला की बूस्ट उतरलाच पाहिजे, अशी जोडणी आधी कर. 1982 च्या सुमारास साब या स्वीडिश कंपनीने तर नॉक ऐकून बूस्ट कमी करणारी यंत्रणाच रस्त्यावर आणली. तुझ्या इसीयूमध्ये तशी सोय आहे, ती चालू कर.

प्लगचे फोटो आणि एका पुलचा लॉग पाठव. त्यात आरपीएम, बूस्ट, टायमिंग, लॅम्डा, इनटेकचं तापमान आणि नॉकचा आकडा हे सगळं हवं. लॉग बघितला की लगेच लिहीन. तोवर पूर्ण ॲक्सिलरेटर नको.

तुझा,
विनय