शॅमेलिऑनला हिवाळ्यात ऊब हवी, तसा रात्रीचा अंधारही हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की नागपुरात पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. २९ डिसेंबर २०१८ ला तर तो ३.५ अंशांवर गेला होता. या दिवसांत कुत्र्याला स्वेटर घालण्यापासून गोठ्याला बारदाने बांधण्यापर्यंत सगळ्याविषयी छापून येते, रंग बदलणाऱ्या शॅमेलिऑन सरड्याविषयी मात्र काहीच येत नाही. शहरात हा प्राणी हौसेने पाळणारी घरे आता आहेत. त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात प्राण्याचे जे हाल होतात ते बहुतेक वेळा अति काळजीपोटी होतात, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शेताच्या धुऱ्यावर, बाभळीवर दिसणारा आपला घोयरा, म्हणजे इथला देशी शॅमेलिऑन, हा पाळायचा प्राणी नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो संरक्षित आहे आणि त्याला घरात ठेवणे गुन्हा आहे. त्याला विषही नसते. थंडीच्या सकाळी तो रस्त्याच्या कडेला गारठून निपचित पडलेला दिसला, तर जवळच्याच झुडपावर, ऊन येईल अशा फांदीवर ठेवावा. खोक्यात घालून बल्बखाली ठेवायला घरी आणू नये. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला) न्यावे. पुढे जे लिहितो आहोत ते येमेन-सौदी अरेबियाकडच्या व्हेल्ड आणि मादागास्करच्या पँथर या परदेशी जातींबद्दल आहे. त्यांचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणे बंधनकारक आहे.

सगळ्यात मोठी चूक रात्रीची. दुकानातून पिंजऱ्यासोबत लाल किंवा निळा ‘नाइट बल्ब’ येतो आणि घरचे लोक तो रात्रभर लावून ठेवतात, कारण आपल्याला थंडी वाजते तशी त्यालाही वाजत असणार. शॅमेलिऑनला रंग आपल्यापेक्षा चांगले दिसतात. लाल उजेड त्याच्यासाठी अंधार नसतो. त्याची झोप मोडते. काही दिवसांत तो दिवसा डोळे मिटू लागतो, खाणे सोडतो, आणि मग त्याला थंडी बाधली असे समजून बल्बचे वॅट वाढवले जातात. त्याला रात्री पूर्ण अंधार आणि थोडा गारवा, दोन्ही लागतात. व्हेल्डच्या मूळ डोंगराळ मुलखात रात्री थंडच असतात. पूर्ण वाढलेला, निरोगी व्हेल्ड कोरड्या पिंजऱ्यात रात्रीचे १३ ते १५ अंश सहज काढतो. पँथरला १७-१८ च्या खाली जाऊ देऊ नये आणि सहा महिन्यांच्या आतल्या कोणत्याही पिल्लाला १८ च्या खाली नको. हे आकडे खोलीतले आहेत, हवामान खात्याचे नाहीत. बाहेर ९ अंश असताना बंद खिडक्यांच्या आतल्या खोलीत बहुधा १६-१७ असतात. म्हणजे अनेक घरांत मोठ्या व्हेल्डला रात्री हीटर लागतच नाही.

जिथे लागतो तिथे उजेड न देणारा सिरॅमिक हीटर घ्यावा. ६० वॅटचा पुरे होतो, पण तो थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही लावू नये. अंडी उबवणीच्या यंत्राला बसवतात तसा डिजिटल थर्मोस्टॅट चालतो. मोठ्या व्हेल्डसाठी तो १५ वर आणि फरक (बंद आणि पुन्हा चालू होण्यातले अंतर) १ अंशावर ठेवावा. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी तार, प्राणी झोपतो त्या फांदीच्या उंचीवर बांधावा, हीटरच्या थेट खाली नाही. तिथे बांधला तर हीटर लगेच बंद पडतो आणि बाकीचा पिंजरा गारच राहतो.

होल्डरकडे कोणी लक्ष देत नाही आणि आगीचे मूळ तिथेच असते. आपल्या घरात पिनांचे होल्डर असतात, सरपटणाऱ्या प्राण्यांचे बल्ब मात्र बहुतेक आट्यांचे येतात. मग लोक दहा-वीस रुपयांचा प्लास्टिकचा अडॅप्टर मध्ये घालतात. सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर तापतो, तेव्हा तो अडॅप्टर मऊ पडून वितळतो. सीताबर्डीवर इलेक्ट्रिकच्या दुकानात आट्यांचा चिनी मातीचा होल्डर मिळतो, तोच घ्यावा. वायर उष्णता सहन करणारी असावी आणि दिवा सुतळीने न बांधता साखळीने टांगावा. पिंजऱ्याची वरची जाळीही तपासावी. पिंजरे बनवणारे कारागीर अनेकदा डासांची नायलॉनची जाळी लावून देतात. बाजूंना ती चालते, पण वरच्या बाजूला ॲल्युमिनियमची किंवा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचीच हवी. परदेशातून कोणी बल्ब आणून दिला तर त्यावर २३० व्होल्ट लिहिले आहे ना, ते पाहावे. ११० व्होल्टचा बल्ब आपल्याकडे लावताक्षणी फुटतो.

आता दिवसाची ऊब. ती नेहमी वरून द्यावी. पाठीवर ऊन घेणारा हा झाडावरचा प्राणी आहे. खालून तापणारे दगड आणि पॅड त्याच्या काही कामाचे नाहीत, पोट भाजते एवढेच. साधा ४० किंवा ६० वॅटचा पिवळा फिलामेंट बल्ब जाळीच्या वर ५ ते ८ सेंटिमीटरवर टांगावा आणि सगळ्यात वरची फांदी बल्बपासून २० ते २५ सेंटिमीटर खाली बांधावी. उजेड एका ठिपक्यावर पाडणारा स्पॉट बल्ब घेऊ नये. गारठलेला शॅमेलिऑन शरीर आतून गरम होईपर्यंत दिव्याखालून हलत नाही, आणि स्पॉट बल्बने तोवर पाठीचा कणा किंवा डोक्यावरचा तुरा भाजून निघतो. भाजल्याचा डाग आधी फिकट हिरवा-राखाडी दिसतो आणि आठवड्याभराने काळा पडतो, त्यामुळे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. तो जाळीला उलटा लटकूनही दिव्याजवळ जातो. म्हणूनच दिवा जाळीला टेकवायचा नाही.

फांदीवरचे तापमान मोठ्या प्राण्याला २९ ते ३२ आणि पिल्लाला २७ ते २९ अंश असावे. पिल्लाचे शरीर लहान, ते मिनिटांत तापते. खालच्या भागात २२ ते २५ असले की त्याला हवे तेव्हा सरकून गार होता येते. मोजायला प्रोबचे दोन थर्मामीटर घ्यावेत, एक वरच्या फांदीला आणि एक मध्यावर. काचेला चिकटवायचे गोल डायल भरवशाचे नसतात. करोनाकाळातली कपाळाची थर्मल गनही इथे उपयोगाची नाही. ती माणसाच्या शरीराच्या तापमानासाठी बनवलेली असते. तापमान कमी-जास्त करायचे ते बल्ब उंच किंवा खाली करून, दर वेळी नवा वॅट आणून नव्हे. आणि ही सगळी मांडणी प्राणी आणण्याच्या आधी निदान एक दिवस आणि एक रात्र चालवून पाहावी.

वेळापत्रकाला टायमर हवा. यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारी ट्यूब आणि झाडांसाठीची पांढरी एलईडी सकाळी ७ ते संध्याकाळी ७. ऊब देणारा बल्ब ७ ते साडेदहा, कारण नागपूरच्या हिवाळ्यात निरभ्र दिवशी दुपार २६-२८ अंशांपर्यंत चढतेच. खोली उत्तरेकडची आणि गार असेल तर दुपारी ४ नंतर तासभर पुन्हा.

ढगाळ दिवसांत मात्र हे गणित उलटते, आणि विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पावसाचे असे दिवस येतातच. ढग असले की रात्र उबदार राहते आणि दिवस तापत नाही. पहाटेचे किमान तापमान वाढलेले पाहून लोक बल्ब बंद ठेवतात आणि प्राणी दिवसभर २० अंशांवर बसून राहतो. खाल्लेले पचत नाही, पोटातच कुजते. अशा दिवशी ऊब देणारा बल्ब दिवसभर चालू ठेवावा आणि खाणे निम्मे करावे. एरवीही हिवाळ्यात रातकिडे किंवा पाळीव झुरळे दिव्याखाली तासभर शेकून झाल्यावर, सकाळीच द्यावीत. संध्याकाळी नको.

यूव्हीबीबद्दल मात्र तडजोड चालत नाही. ड जीवनसत्त्व तयार व्हायला यूव्हीबी आणि ऊब दोन्ही लागतात. ते नसले तर कॅल्शियमची पूड कितीही टाकली तरी हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जीभ लांब जात नाही. दोन फुटांची २४ वॅटची टी-५ (बारीक) ट्यूब, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीची, जाळीवर आडवी ठेवावी. फांदीपासून अंतर तेच, २० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी मिळतात. पीळदार छोटे यूव्हीबी बल्ब उंच पिंजऱ्यात पुरे पडत नाहीत. ट्यूब दिसायला चालू असली तरी तिच्यातली यूव्हीबी घटत जाते, म्हणून तिच्यावर तारीख लिहून वर्षाने बदलावी. काच आणि ॲक्रिलिक यूव्हीबी अडवतात. बंद खिडकीतल्या उन्हात पिंजरा ठेवला म्हणजे ऊन मिळाले असे होत नाही.

खरे ऊन मात्र नागपूरकरांना फुकट आहे आणि त्याच्या तोडीची ट्यूब नाही. निरभ्र दिवशी साडेदहा ते बाराच्या दरम्यान वीस-तीस मिनिटे गच्चीवर किंवा गॅलरीत, जाळीच्या पिंजऱ्यात न्यावे. अर्ध्या पिंजऱ्यात मनीप्लांट किंवा जास्वंदीची दाट सावली असावी. काचेच्या पेटीत कधीही उन्हात ठेवू नये. जानेवारीतही ती आतून भट्टी होते. शेजारी माणूस बसलेला हवा. कावळा, शिक्रा आणि मांजर यांना पिंजऱ्याची जाळी फार काळ थोपवत नाही.

पाणी हा हिवाळ्यातला नाजूक भाग. थंड आणि ओली रात्र म्हणजे छातीच्या संसर्गाला आमंत्रण. खोली १८ च्या खाली जाणार असेल तर रात्री फवारा आणि फॉगर (धुके सोडणारे यंत्र) दोन्ही बंद ठेवावेत. सकाळी बल्ब लावून तास झाला की पानांवर दोन-तीन मिनिटे बारीक फवारा मारावा, दुपारी थेंबथेंब पाणी सोडावे आणि संध्याकाळपर्यंत पाने कोरडी झालीत ना हे पाहावे. हीटर हवा कोरडी करतो, म्हणून दुपारचे थेंब चुकवू नयेत. विष्ठेसोबतचा पांढरा भाग नारिंगी-पिवळा दिसू लागला तर पाणी कमी पडते आहे.

थंड वारा अडवायला पिंजऱ्याच्या तीन बाजूंना पारदर्शक प्लास्टिक किंवा फोमशीट लावावी. समोरची बाजू आणि वरचा भाग उघडा हवा, नाहीतर हवा कोंडून बुरशी धरते. पिंजरा फरशीवर न ठेवता उंच टेबलावर, आतल्या भिंतीला लागून ठेवावा. खोली गरम करायची असेल तर ऑइल हीटर सगळ्यात बरा. कोळशाची सिगडी बंद खोलीत लावूच नये. तिच्या धुरातला वायू माणसालाही मारतो. डासांची अगरबत्ती आणि लिक्विड मशीनही त्या खोलीतून काढून टाकावे.

वीज गेली तर घाबरून प्राण्याला कोमट पाण्यात बुडवू नये, हातात घेऊन शेकवू नये. पिंजऱ्यावर तीन बाजूंनी चादर टाकावी. एक कोरडी, थंड रात्र निरोगी मोठ्या प्राण्याला मारत नाही. सकाळी दोन तास ऊब मिळेपर्यंत खायला देऊ नये, एवढे पाळावे. खर्चाची धास्ती घेण्याचे कारण नाही. ट्यूब, एलईडी, सकाळचा बल्ब आणि थर्मोस्टॅटवर अर्धा वेळ चालणारा सिरॅमिक मिळून दिवसाला साधारण एक ते सव्वा युनिट जाते.

लक्षणे अशी वाचावीत. सकाळी काळपट रंग म्हणजे तो ऊन शोषतो आहे. तासाभरात उजळला तर ठीक. दुपारपर्यंत काळाच राहिला तर थंडी किंवा आजार. फिकट पडून तोंड उघडे ठेवून दिव्यापासून लांब बसला तर उष्णता जास्त होते आहे. पण गार हवेत तोंड उघडे, मान वर, श्वासाला टिकटिक आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करून, सरपटणारे प्राणी पाहणारे डॉक्टर कधी असतात ते विचारून जावे. गाडीवरून नेताना फांदीसह खोक्यात, वर जाड कापड टाकून न्यावे.

शहरातल्या दुकानदारांना आमची विनंती आहे. लाल बल्ब आणि तापणारा दगड ‘हिवाळी किट’ म्हणून देणे थांबवावे. बल्ब विकताना फांदीपासून किती अंतर ठेवायचे ते बिलाच्या मागे लिहून द्यावे, आणि प्राणी विकताना परिवेशवरच्या नोंदीची कागदपत्रे सोबत द्यावीत. आपल्या दैनिकात पारा घसरल्याची बातमी येते, तिच्या शेजारी रात्रीच्या अंधाराविषयी दोन ओळी छापता आल्या तर या हिवाळ्यातच त्या कामी येतील.

आपले,
सरपटणारे प्राणी सांभाळणारे काही नागपूरकर