सापळे टांगले, पण मोजतो कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या पुरंदर तालुक्यात भाजीच्या रानात किडी चिकटाव्यात म्हणून टांगलेले पिवळे-निळे चिकट कागदी सापळे आता सर्रास दिसतात. पण जवळ जाऊन पाहा. कागद धुळीने काळा पडलेला असतो आणि पीक त्याच्या वर गेलेले असते. टांगला तो टांगलाच.

मी सव्वा एकरात सेंद्रिय मिरची, टोमॅटो आणि भेंडी करते. चार वर्षांपूर्वी दुकानातल्या सल्ल्याने मिरचीच्या २० गुंठ्यांत २० सापळे लावले. पंधरवड्याने पाहिले, तर पांढऱ्या माशीबरोबर ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) आणि मधमाशाही चिकटून मेल्या होत्या. मावा फस्त करणारे ढालकिडे मीच मारून ठेवले, याचे फार वाईट वाटले. विषारी फवारणी न करणाऱ्याला हेच तर हक्काचे गडी.

आता तेवढ्याच रानात तीन पिवळे आणि एक निळा सापळा असतो. पिवळ्यावर पांढरी माशी, मावा, तुडतुडे, नागअळीची माशी येते. निळा मुख्यतः फुलकिड्यांसाठी. कागद शेंड्याच्या जरासा वर राहील अशी दोरी दर आठवड्याला सरकवते. सोमवारी सकाळी भिंग घेऊन मोजते, मोजलेल्या किडीभोवती पेनाने गोल करते आणि आकडा वहीत लिहिते. गेल्या पावसाळ्यात भेंडीतल्या एका सापळ्यावर पांढरी माशी ६, मग ९ आणि पुढच्या सोमवारी एकदम ४१ भरली. बांधापलीकडचे वांग्याचे रान त्याच आठवड्यात मोडले होते, माशी तिथूनच उठून आली असणार. त्याच संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने ५ टक्के निंबोळी अर्क मारला आणि हळद्या (पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, पाने पिवळी पाडणारा रोग) दिसलेली सात झाडे उपटून पुरली. बाकीची भेंडी वाचली. आकडा लिहिलेला नसता, तर रान पिवळे पडल्यावरच कळले असते.

सापळा कोरा म्हणजे पीक निरोगी, असेही नाही. कोळी किडीला पंख नसतात, ती कागदावर येतच नाही. मिरचीचा चुरडा-मुरडा, म्हणजे पाने आकसून वळणे, तिच्यामुळेही होतो. त्यामुळे पाने उलटून पाहण्याला पर्याय नाही.

माझी विनंती अशी, की कृषी पानावरचा सल्ला ‘एकरी इतके सापळे लावा’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या रंगावर काय येते, मोजायचे कसे, मित्रकीटक जास्त सापडू लागले तर सापळे कमी कधी करायचे, हेही छापावे. सोबत पांढरी माशी, फुलकिडा, ढालकिडा आणि क्रायसोपा यांची मोठी रंगीत छायाचित्रे द्यावीत. आम्ही ती कापून गोठ्याच्या भिंतीला चिकटवू. आणि शेतीशाळा घेणाऱ्यांनी तोडणीला जाणाऱ्या बायकांना आवर्जून बोलवावे. एक दिवसाआड प्रत्येक झाडाशी वाकतात त्या त्याच, पण भिंग अजून त्यांच्या हाती कोणी दिलेले नाही.

आपली,
एक भाजीपाला उत्पादक शेतकरी,
ता. पुरंदर, जि. पुणे