विदर्भाच्या उन्हात हापूसचा हट्ट कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रोहिणी नक्षत्र लागले की रोपवाटिकांपुढे गर्दी होते, आणि अकोला, अमरावती, नागपूर, चंद्रपूरच्या अंगणांसाठी पुन्हा हापूसचीच कलमे उचलली जातात. एप्रिलपासून सगळीकडे पेटीचे भाव छापून आलेले असतात, त्यामुळे आंबा म्हणजे हापूस हे समीकरण पक्के झाले आहे. पाच-सहा वर्षांनी तक्रार ठरलेली असते. मोहोर येतो पण फळ टिकत नाही, आणि टिकलेच तर आतून पांढरट, आंबट निघते. यात कलम विकणाऱ्याचा दोष क्वचितच असतो. 44-45 अंशांच्या उन्हात कोणता आंबा लावावा आणि तो कसा पिकवावा, याचा विचार आधी झालेला नसतो. मृग तोंडावर आहे म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहे.

हापूसमध्ये ‘साका’ होतो. फळ बाहेरून उत्तम दिसते, पण कोयीजवळचा गर फिकट, स्पंजासारखा आणि आंबट राहतो. तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून झाडाखाली गवताचे आच्छादन घातले की साका कमी होतो, आणि फळ चौदा आण्यांवर, म्हणजे पूर्ण तयार होण्याच्या थोडे आधी, काढले तर आणखी कमी होतो. कोकणात समुद्राचे दमट वारे तरी असतात. आपल्याकडे मे महिन्यात सिमेंटचे अंगण आणि पश्चिमेची भिंत झाडाला दिवसभर भाजत असते. हापूसच्या चवीचाच आग्रह असेल तर ‘रत्ना’ लावावा. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तो 1981 मध्ये दिला. त्याच्यात साका होत नाही आणि फळही मोठे असते. हापूसचा तो गडद वास मात्र त्यात पूर्ण उतरत नाही, हे आधी सांगितलेले बरे.

घरच्या बागेत पहिले झाड केशरचे असावे. केशर मूळ जुनागढचा असला तरी मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो इतका रुळला की ‘मराठवाडा केशर’ला स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळाले. गर केशरी, रेषा जवळजवळ नाहीत, गोडीला थोडी आंबट किनार. आमरसासाठी याच्याइतका भरवशाचा आंबा आपल्या हवेत दुसरा नाही. जागा अगदी कमी असेल तर आम्रपाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दशहरी आणि नीलम यांच्यापासून तयार झालेले हे झाड बुटके राहते, दरवर्षी फळते आणि अडीच मीटर अंतरावरही लावता येते. फळ लहान, गर लालसर केशरी आणि गोडी भरपूर, पण सुगंध बेताचाच. याच जोडीला उलट फिरवून, म्हणजे नीलम मादी आणि दशहरी नर धरून, मल्लिका झाली. तिचे फळ मोठे आणि चांगले टिकाऊ. ती घाईने उतरवली तर मात्र बेचव लागते आणि मग लोक जातीलाच नावे ठेवतात.

दशहरी आणि लंगडा लावायचे असतील तर एक गोष्ट रोपवाटिकेत सहसा कोणी सांगत नाही. या जातींना स्वतःच्या परागावर फळ नीट धरत नाही. आसपास त्याच वेळी फुलणारे दुसऱ्या जातीचे झाड हवे. एकट्या दशहरीवर मोहोर लदलदून येतो आणि वाटाण्याएवढी फळे पिवळी पडून गळतात, त्याचे हे एक कारण. परागीकरण मुख्यतः माश्या करतात, म्हणून भर मोहोरात कीटकनाशक फवारू नये. तोतापुरी भरपूर आणि नियमित येतो. तो पिकल्यावर सपक लागतो, पण कैरी तिखट-मीठ लावून खायला त्याच्यासारखी नाही. पायरी रसाला अप्रतिम, पण दोन-तीन दिवसांत उतरते.

आता लागवड. खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल. तो मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा. भरताना वरच्या थराची माती, तीन-चार घमेली कुजलेले शेणखत, दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर निंबोळी पेंड घालावी. काळ्या चिकण मातीत खड्ड्यात पाणी साचून मुळे कुजतात. तिथे तळाला मुरूम घालण्यापेक्षा जमिनीपासून फूटभर उंच वरंबा करून त्यावर कलम लावणे जास्त उपयोगाचे. मुरमाचा थर दिला तरी भोवतीची काळी माती पाणी सोडत नाही, मग खड्ड्याची नुसती टाकी होते. कलमाचा सांधा जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. सांध्याखालून फुटणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचे, असतात, ते दिसताच खुडावेत. पुष्कळ अंगणांत लावलेला केशर मरून गेलेला असतो आणि त्याच्या नावाने खुंटाचा रायवळ डोलत असतो. झाड भिंतीपासून निदान दहा-बारा फूट दूर ठेवावे. पहिली तीन वर्षे मोहोर आला तर तो काढून टाकावा.

उन्हाळ्यातले पाणी खोडाशी घालू नये, घेराच्या कडेला आळे करून द्यावे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत हलक्या जमिनीत तीन-चार दिवसांनी, भारी जमिनीत सात-आठ दिवसांनी. आळ्यात चार बोटे जाड पालापाचोळा हवाच, फक्त तो खोडाला टेकवू नये. नाहीतर वाळवी चढते. लहान झाडाच्या पश्चिमेला तुऱ्हाट्यांचा किंवा शेडनेटचा आडोसा करावा आणि खोडाला चुना लावावा, म्हणजे साल भाजून तडकत नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी बोअरच्या पाण्याची आधी परीक्षा करून घ्यावी. आंब्याला खारे पाणी सोसत नाही. पानांची टोके आणि कडा तांबूस करपू लागल्या की रोग समजून औषधे मारली जातात, पण कारण बहुधा पाण्यात असते. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी आंब्याच्या आळ्यात सोडणे हा तर त्याच रोगाला आमंत्रण देण्याचा प्रकार.

फळणाऱ्या झाडाचे गणित वेगळे. पाऊस गेल्यापासून मोहोर पूर्ण निघेपर्यंत पाणी तोडावे. हा ताण आणि थंड रात्री मिळाल्या तरच डोळे मोहोरात रूपांतरित होतात, पाणी चालू ठेवले तर त्याच डोळ्यांतून पालवी निघते. फुलझाडांच्या ठिबकला आंबाही जोडून ठेवणाऱ्या घरांत नेमके हेच घडते. फळे वाटाण्याएवढी झाली की पाणी सुरू करावे, सुरुवातीला थोडे आणि मग वाढवत. एकदम भरपूर दिले तर गळ होते. वाटाणा, गोटी आणि अंडे या तीन अवस्थांत पोटॅशियम नायट्रेट दर लीटरला 10 ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारले तर गळ कमी होते आणि फळ पोसते. मोहोरावर भुरी (पांढरी बुरशी) दिसली तर पाण्यात विरघळणारे 80 टक्के गंधक लीटरला 2 ग्रॅम पुरते. पारा 35 च्या वर गेल्यावर गंधक मारले तर मोहोरच जळतो, तेव्हा ते थंड वेळीच उरकावे.

फळ अंड्याएवढे झाले की त्याला कागदी पिशवी चढवावी. जुन्या वर्तमानपत्राची, साधारण 25 बाय 20 सेंटिमीटरची, घरी चिकटवलेली पिशवी चालते (संपादक महोदय, आपल्या अंकाचा हा उपयोग गोड मानून घ्यावा). पिशवीमुळे नैर्ऋत्येच्या उन्हाने पडणारे तपकिरी भाजके डाग टळतात, फळमाशी अंडी घालू शकत नाही आणि सालीवर चकाकी येते. अंगणातल्या झाडाला पन्नास-साठ पिशव्या बांधणे हे एका सकाळचे काम आहे.

इथपर्यंत सगळे जमले तरी शेवटी घात होतो तो पिकवताना, आणि याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आंबा 20 ते 25 अंशांत उत्तम पिकतो. मे महिन्यात आपल्या गच्चीखालच्या खोलीत 38-40 अंश असतात. इतक्या उष्णतेत फळ मऊ पडते पण साल हिरवट राहते, गर उकडल्यासारखा होतो आणि वास येतच नाही. मग केशर फिका निघाला, असा निकाल लागतो. म्हणून फळ सकाळी लवकर, झेल्याने, दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून काढावे. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेले आणि देठाशी खळगा पडलेला हवा. शंका असेल तर बादलीभर पाण्यात टाकावे. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. फळे तासभर देठ खाली करून ठेवावीत म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. नंतर 52 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून कोरडी करावीत. याने करप्याचे काळे डाग बरेच रोखले जातात. थर्मामीटर नसेल तर अंदाजाने हा प्रयोग करू नये, पाणी जास्त गरम झाले तर साल शिजते.

आढी घालायची ती घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीवर. कूलर लावलेली खोली यासाठी उत्तम, फक्त ओला झोत फळांवर थेट नको. खाली तणसाचा दोन-तीन बोटांचा थर, त्यावर फळांचा एकच थर, वर पुन्हा पातळ तणस. पोती, गोधड्या पांघरू नयेत, त्याने आत उष्णता कोंडते. चौथ्या दिवसापासून रोज चाळून पिकलेली फळे वेगळी करावीत. कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीला घरात शिरू देऊ नये, ते कायद्यानेच बंद आहे. कच्ची फळे फ्रिजमध्येही ठेवू नयेत. 12-13 अंशांच्या खाली कच्च्या आंब्याला थंडी बाधते, सालीवर करडे डाग पडतात आणि तो पुढे पिकतच नाही. उशिरा येणाऱ्या जातींचा मोठा फायदा इथेच आहे. आम्रपाली आणि मल्लिका उतरतात तेव्हा बहुतेक पाऊस पडून हवा थंडावलेली असते. त्या वेळी फळमाशीचा जोर असतो, तेवढी पिशवी मात्र विसरता येत नाही.

जातींची तुलना करायची तर सारख्या पिकलेल्या फळांची करावी. बोटाने देठाजवळ हलके दाबले की समजते. लंगडा पिकूनही हिरवाच राहतो. पिवळा होण्याची वाट बघणारे तो सडवतात, त्याचा अंदाज वासाने आणि स्पर्शाने घ्यावा. फळे तासभर माठाच्या पाण्यात ठेवून मग कापावीत. फ्रिजमधून काढलेल्या आंब्याला गोडी कळते, सुगंध कळत नाही. एक फोड गालाची आणि एक कोयीलगतची घ्यावी, कारण आंबा आतून बाहेर पिकत येतो आणि साका, आंबटपणा, रेषा हे सगळे कोयीशीच उघडे पडते. सौम्य जातीपासून सुरुवात करावी, लंगडा आणि पायरी शेवटी. मध्ये चार मुरमुरे आणि घोटभर पाणी. अति गोड आम्रपाली आधी खाल्ली तर नंतरचा केशरही आंबट वाटतो.

राहिला आपला गावरान. खोबऱ्या, शेंदऱ्या, शेप्या, साखऱ्या अशा नावांची झाडे अजून गावोगावच्या धुऱ्यांवर उभी आहेत, आणि रस्ता रुंद झाला की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. रेषाळ, पातळ रसाची, चोखून खायची ही फळे कलमी आंब्यांच्या मापाने मोजू नयेत. शेप्याचा बडीशेपेसारखा वास कोणत्याही कलमाला नाही. यांची कोय लावून तसेच झाड येईल याची खात्री नसते, कलमच करावे लागते. ज्याला अंगणात जागा आहे त्याने यंदा खड्ड्यात दोन-तीन ताज्या गावरान कोयी टोचाव्यात. कोय महिनाभर पडून राहिली की उगवण झपाट्याने घटते. त्यातले जोमदार रोप ठेवून पुढच्या पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, त्याच्या तांबूस कोवळ्या शेंड्यावर हव्या त्या झाडाची काडी बांधून मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या लाकडावरचे कलम) करावे. जागेवरच वाढलेल्या रोपाचे सोटमूळ खोल जाते, म्हणून पिशवीतल्या कलमापेक्षा ते आपल्या उन्हाळ्यात जास्त तगते.

काडी तीन-चार महिन्यांची, खुंटाइतक्याच जाडीची, वीतभर लांब आणि डोळा फुगलेली निवडावी. झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापावीत. खुंटाला चार-पाच सेंटिमीटरचा उभा काप, काडीला तेवढीच पाचर, किमान एका बाजूची साल सालीला जुळलेली, वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट. काडी एकाच दिवसात बांधायची असते, तोवर ती ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावी. एकाच झाडावर दोन-तीन जातीही बांधता येतात. फक्त जोमदार तोतापुरीच्या शेजारी बुटकी आम्रपाली बांधू नये, तोतापुरी तिला दाबून टाकतो.

आपल्या दैनिकाने पेटीच्या भावांबरोबर जिल्ह्याच्या बाजारात त्या आठवड्यात कोणता गावरान आंबा आला, हेही छापावे ही विनंती. कोणत्या गावच्या झाडाची काडी मागायची, ते वाचकांना त्यावरून कळेल.

आपला,
एक नियमित वाचक, अकोला