तारखेच्या जागी ‘सावकाश’ लिहिणाऱ्या काकांना

वाचनालयातल्या काकांना सप्रेम नमस्कार,

अकरा वर्षं मी तुमच्याकडे वर्गणी भरतेय, पण तुमचं नाव मला अजून ठाऊक नाही. ‘काका’ म्हटलं की काम व्हायचं. आई जाऊन उद्या एकवीस दिवस होतील. येणारीजाणारी माणसं आता थांबली आहेत. आज निवांत बसले तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच लिहावंसं वाटलं.

तुम्ही मला एन. के. जेमिसिन या अमेरिकन लेखिकेचं ‘द ओबेलिस्क गेट’ दिलंत. तीन भागांतला हा दुसरा. पहिला, ‘द फिफ्थ सीझन’, मी अप्पा बळवंत चौकातून जुना घेतला होता आणि आईच्या उशाशी बसून वाचत होते. आईला इंग्रजी येत नव्हतं. “काय वाचतेस एवढं?” असं तिने विचारलं आणि मी गोष्ट मराठीत सांगू लागले. सारखी हादरणारी जमीन, राखेने झाकलेलं आकाश, भूकंप आवरण्याची शक्ती घेऊन जन्मणारी माणसं आणि त्यांच्या शक्तीवर जगूनही त्यांचाच द्वेष करणारे बाकीचे. अशाच एका बाईच्या लहान मुलाला त्याचा बापच मारतो, कारण त्याच्यातही ती शक्ती आहे, आणि मुलीला घेऊन निघून जातो. त्या भागाच्या शेवटी या बाईला तिचा जुना गुरू चंद्राबद्दल विचारतो, आणि चंद्र म्हणजे काय हेच त्या जगात कुणाला माहीत नसतं.

चाळीस वर्षं संकष्टी केलेली माझी आई उशीवरून मान उचलून म्हणाली, “चंद्रच नाही? मग उपास सोडायचा कधी? पुढचं सांग.”

पुढचं माझ्याकडे नव्हतं. एका दुकानाने दोनदा पैसे घेतले आणि दोन्ही वेळा तिसराच भाग पाठवला. दुसऱ्या, मोठ्या दुकानातला मुलगा म्हणाला, “मॅडम, तिसराच घेऊन टाका, मधल्या भागात काही नसतं.” ते वाक्य मला फार लागलं. त्या आठ महिन्यांत मी तेच तर बघत होते. निदान झालं त्या आठवड्यात घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि शेवटच्या दिवशीही नव्हती. मधे कुणी नव्हतं. फोनवर “काही लागलं तर सांग” म्हणणारे पुष्कळ होते. मी सांगितलंही, दोघांना. जाऊ दे.

तुम्हाला मी फक्त पुस्तक आहे का एवढं विचारलं होतं. आईचं एका वाक्यात बोलले असेन. चौथ्या दिवशी तुम्ही पुस्तक पुढे केलंत. कोपरे वापरून मऊ झालेले, म्हणजे कुणाच्या तरी घरचं. मला उपकार वाटू नयेत म्हणून मागच्या पानावर तुम्ही नवी तारखेची चिठ्ठी चिकटवली होती. डिंक अजून ओला होता, माझ्या अंगठ्याला लागला. शिक्का मारून दिल्याची तारीख घातलेली, आणि परतीच्या रकान्यात निळ्या पेन्सिलीने एकच शब्द: ‘सावकाश’.

मी रिक्षात बसून रडले. त्या दिवसांत मला जो भेटेल तो तारखाच सांगत होता. तपासणीची तारीख, बिलाची तारीख, “किती दिवस म्हणाले डॉक्टर?” तुम्ही एकट्यानेच तारीख घातली नाहीत. चांगुलपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठी माणसं, मोठ्या देणग्या येतात. मला आता वाटतं, समोरच्याला घाई करायची नाही एवढं ज्याला कळतं, तो फार मोठा माणूस.

आणि काका, त्या दुकानातल्या मुलाचं चुकलंच. या तिन्ही भागांना 2016, 2017 आणि 2018 अशी लागोपाठ तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार मिळाला, विज्ञानकथा-अद्भुतकथांमधल्या सर्वोत्कृष्ट कादंबरीचा. तसं आधी कुणालाच जमलं नव्हतं. त्यातलं 2017चं मानाचं पान या मधल्या भागाचं. पहिल्या भागात माणसं खंडभर फिरतात. इथे ती बाई, एसुन, एका प्रचंड गारगोटीच्या पोटात वसलेल्या गावात थांबते. अजिंठ्याला वाटेवर विकत घेतलेला, आत स्फटिक असलेला दगड आमच्या शोकेसमध्ये होता. तो मी आईच्या हातात दिला आणि म्हटलं, “याच्या आत गाव आहे असं समज.” ती बोट आत घालून बराच वेळ चाचपत राहिली.

त्या गावात तो गुरू, अलाबास्टर, अंथरुणाला खिळलेला आहे. त्याचं अंग हळूहळू दगड होत चाललंय आणि उरलेल्या दिवसांत तो एसुनला शिकवतोय. आईही तेव्हा पडल्या पडल्या मला कटोरी ब्लाउजचं कटिंग शिकवत होती. आयुष्यभर तिने लोकांचे ब्लाउज शिवले. माझी टीप वाकडी गेली की म्हणायची, “उसव, परत घाल.” मी सातवीत असल्यापासून.

एसुनची प्रकरणं ‘यू’ म्हणून लिहिलेली आहेत. सांगताना त्याचं आपोआप ‘तू’ झालं, कारण आईला आपण ‘तू’च म्हणतो. पण मधेमधे एसुनच्या मुलीची, नासुनची, प्रकरणं येतात. जीव वाचावा म्हणून आईने तिला लपूनछपून कडक शिस्तीत शिकवलेलं असतं. मुलीला दिसलेला असतो फक्त कडकपणा. ती प्रकरणं मी गाळत होते. तिसऱ्या संध्याकाळी आई म्हणाली, “मधलं काहीतरी सोडतेस तू.”

मग सगळं सांगितलं. नासुनचा राग सांगताना माझा आवाज बदलला असणार. आई छताकडे बघत होती. म्हणाली, “का करतेय ते त्या बाईने पोरीला सांगायला हवं होतं. भीतीपोटी राहून गेलं असेल.” आमच्यात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं, छत्तीस वर्षांत. तुम्ही परतीची तारीख घातली असती तर मी ती पानं उरकली असती.

हरवलेला चंद्र दूरच्या फेऱ्यावरून परत येतोय, हे तिला कळलं. पुस्तक संपलं नाही, अडुसष्ट पानं राहिली. ती मी तेराव्यानंतर वाचली.

सोमवारी पुस्तक घेऊन येते. त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलंय. तो आईचा कटिंगचा कागद आहे. आतल्या बाजूला तिच्या अक्षरात छाती आणि बाहीची मापं आहेत, निळ्या खडूने. कव्हर फाटलं तरी काढू नका, काका. वरून चिकटपट्टी लावा.