सातारा सैनिक स्कूल प्रवेश : पालकांची बैठक, रविवार सकाळी 10

सर्व पालकांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता राजारामपुरीत, आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये बैठक आहे. सहावीच्या प्रवेश परीक्षेला मुलगा बसवणाऱ्या आई-वडिलांनी दोघांनीही यावे. मुलांनाही आणा. वसतिगृहात राहायचे त्यांना आहे, आणि त्यांनाच विचारायचे बऱ्याच घरांत राहून जाते.

येताना आणायचे :
• जन्म दाखला, अधिवास दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला (मूळ आणि झेरॉक्स)
• मुलाचा पासपोर्ट फोटो. सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा तिथेच स्कॅन करून देऊ.

अधिवास दाखला अजून काढला नसेल तर या आठवड्यातच अर्ज टाका. 67 टक्के जागा राज्यातल्या मुलांना असतात, त्या याच कागदावर. वय 31 मार्चला 10 ते 12 मध्ये बसते का, तेही घरीच तपासून या.

पेपर 300 गुणांचा, वेळ अडीच तास. त्यातले 150 गुण एकट्या गणिताचे, बाकी भाषा, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान प्रत्येकी 50. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल कोरा ठेवू नये, हे पोरांना आत्तापासून सांगा. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो. नववीचा मात्र इंग्रजीतच.

साताऱ्यात शिकत असलेल्या दोन मुलांचे पालक येणार आहेत. पहाटेची पी.टी., मेसचे जेवण, घरची आठवण, काय हवे ते मोकळेपणाने विचारा. क्लासवाल्यांनी कृपया पत्रके वाटू नयेत.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावे.