सत्तरीच्या शाळेतून, मडगावच्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

नाव घालू नका असं तुम्ही बजावून सांगितलंत म्हणून घालत नाही, पण हे पत्र चारचौघांनी वाचावं असं मनापासून वाटतं म्हणून इथेच लिहितेय. तुम्ही येऊन गेलात त्याला आता बरेच दिवस झाले, तरी शाळेच्या पडवीत उभी राहिले की अजून भरून येतं मला.

आमची शाळा म्हणजे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली सरकारी मराठी प्राथमिक, पहिली ते चौथी सगळी मुलं एकाच वर्गात, एका बाजूला गमभन आणि दुसऱ्या बाजूला भागाकार. इथे कॉम्प्युटरचं काही शिकवायला कोणी आपणहून येईल ही आशा मी सोडूनच दिली होती. तुमच्या आधी एक कंपनीवाले आले होते रोबोट घेऊन. टेबलावर ठेवला, दोरी बांधली, मुलांना दोरीच्या पलीकडे उभं केलं, हात लावायचा नाही म्हणाले. रोबोट इकडून तिकडे चालला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, यांनी फोटो काढले आणि दुपारच्या आत गेलेसुद्धा. ते फोटो नंतर त्यांच्या जाहिरातीत दिसले, आम्हाला साधं विचारलंही नव्हतं. आणि एका ऑफिसात मी मराठीतून काही मिळेल का विचारायला गेले तर तिथले साहेब म्हणाले आधी मुलांना नीट इंग्लिश शिकवा, मग कॉम्प्युटरचं बघू. माझी मुलं खाली बघत नाहीत कधी, पण त्या दिवशी घरी येताना मीच खाली बघत आले.

म्हणून एसीएमतर्फे शाळेत येऊ का विचारायला तुमचा फोन आला तेव्हा खरं सांगते, मला फार काही वाटलं नव्हतं. एसीएम म्हणजे असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी, १९४७ पासूनची अमेरिकेतली संस्था, जगभरचे मोठमोठे शास्त्रज्ञ तिचे सभासद, कॉम्प्युटरमधला सगळ्यात मोठा मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार देणारे हेच लोक, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मनात आलं की यांचं आणि आमच्या पहिलीच्या पोरांचं काय नातं. मग तुम्ही सीएसपाठशालाचं सांगितलंत, की एसीएम इंडियाने २०१६ मध्ये शाळांसाठी हे काम सुरू केलं, धडे फुकट वापरता येतात आणि बऱ्याचशा खेळांना कॉम्प्युटर लागतच नाही. तेवढ्यावर मी या म्हटलं.

तुम्ही मडगावहून कदंबाच्या बसने आलात, पावसात, आणि पिशवीत एक खडूचा डबा आणि डायरी. मुलं बघत राहिली, यांचा रोबोट कुठे म्हणून. तुम्ही सगळ्यांना पडवीत नेलंत आणि म्हणालात, उंचीप्रमाणे ओळ करा, पण एका वेळी फक्त दोघांनीच पाठीला पाठ लावून मापायचं, सगळ्यांना एकदम बघून ठरवायचं नाही. आधी मुलांनी शेजारच्याशी पाठ लावली, उंच असेल तर जागा बदलली, पुन्हा पुढच्याशी, असं करत करत ओळ लागली खरी पण भयंकर वेळ गेला. मग चौथीतली ती मुलगी पुढे आली, जी वर्गात सहसा तोंड उघडत नाही. तिने तिसरीतल्या एका मुलाला मध्ये उभं केलं आणि बाकीच्यांना एकेक करून त्याच्या पाठीला लावलं, बुटके असतील ते दाराकडे, उंच असतील ते झेंड्याच्या खांबाकडे. मग म्हणाली, आता हा आपल्या जागेवर आला, याला हलवायचं नाही, आता दाराकडच्यांत परत तसंच करूया आणि खांबाकडच्यांत पण तसंच. 

मी तर बघतच राहिले, पण तुम्ही जे केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही शाबास वगैरे म्हणाला नाहीत, हातातला खडू कठड्यावर ठेवलात, डायरी काढलीत आणि तिला विचारलंत, "बाय, ही तुझी रीत मी लिहून घेऊ काय? दुसऱ्या शाळेत सांगेन तेव्हा तुझी म्हणून सांगेन." तिने मान हलवली. मग तुम्ही पेन तिच्याच हातात दिलंत, नाव तू लिही म्हणालात, आणि तिने तुमच्या डायरीत तुमच्या अक्षराखाली आपलं नाव, आडनाव, शाळा, गाव सगळं लिहिलं, अगदी सावकाश, रेघ मारून.

मॅडम, या पोरांना विचारून कोणी काही घेतलेलं मी आजवर बघितलं नव्हतं.

नंतर तुम्ही मोबाइलवर दाखवलंत ते पान. हीच रीत टोनी होअर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला मॉस्कोत शिकायला असताना सुचली, रशियन वाक्यातले शब्द क्रमाने लावायचे होते म्हणून, आणि १९६१ च्या जुलैमध्ये एसीएमच्या मासिकात छापून आली, चौसष्टावा अल्गोरिदम, म्हणजे काम करायची रीत, नाव क्विकसॉर्ट. छोटासाच मजकूर, पण सोबत त्यांचं नाव आणि ते कुठे काम करत होते तेही. त्याच होअरना पुढे १९८० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मुलगी ते पान कितीतरी वेळ बोटाने वर-खाली करत होती. तिला ते इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नाव कुठे असतं ते तिने बरोबर ओळखलं.

आणि ते पान आम्हाला फुकट उघडता आलं, याचेही आभार कुणाचे मानायचे तर तुमच्या संस्थेचेच. १९५१ पासून २००० पर्यंतचं सगळं जुनं छापील काम, एक लाखाहून जास्त लेख-निबंध, त्यांनी २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि जानेवारी २०२६ पासून तर नवंजुनं सगळंच वाचायला मोकळं. माझा भाचा इंजिनीयरिंगला आहे, पूर्वी एकेका निबंधासाठी डॉलरमध्ये पैसे मागायचे, मग पोरं कुणाच्या तरी हातापाया पडून मागवायची. आता वाळपईच्या खोलीत बसून तो १९७० चा कॉड नावाच्या शास्त्रज्ञाचा डेटाबेसवरचा निबंध वाचतो, ज्यावर आजचे बँकेचे, रेशनचे सगळे हिशेब उभे आहेत म्हणे. शिवाय हे निबंध तपासणारे प्राध्यापक लोक त्याचे पैसे घेत नाहीत हे तुमच्याकडूनच कळलं. कोणीतरी रात्री जागून दुसऱ्याचं काम वाचतो, चुका दाखवतो आणि श्रेय त्यालाच ठेवतो, अशी माणसं जगात आहेत हे ऐकूनच किती बरं वाटतं. आपल्याकडे साधं शाळेच्या गॅदरिंगचं नाटक कुणी लिहिलं ते पण सांगत नाहीत, पाहुण्यांची नावं मात्र दोनदा वाचतात. सभ्य माणसाला मोठं काही करावं लागत नाही, ज्याचं आहे ते त्याचं म्हणून सांगितलं तरी पुरे.

त्या मुलीची आई काजूच्या बागेत कामाला जाते. ती मला शाळेच्या गेटवर भेटून विचारत होती, माझ्या चेडवाचं नाव खरंच दुसऱ्या शाळेत सांगतात काय? मी हो म्हटलं, कारण तुम्ही डिचोलीच्या शाळेत सांगितलंत ते तिथल्या टीचरनेच मला फोन करून कळवलं होतं, नावासकट. तुम्ही स्वतः मला ते सांगितलंही नव्हतं.

तुम्ही पाठवलेले बेब्रास नावाच्या कोड्यांच्या स्पर्धेचे जुने प्रश्न आम्ही शनिवारी सोडवतो, तिसरीची मुलं आता चौथीच्यांना ऐकत नाहीत. दुसरीसाठी थोडे सोपे असतील तर पाठवा, चित्रांचे जास्त बरे. आणि पुढच्या वेळी सकाळी येऊन संध्याकाळी परत असं करू नका, गणेशचवथीच्या सुट्टीआधी या, मुक्काम माझ्याकडे करा, पाऊस बरा झाला तर अळम्यांचं तोणाक करीन.

तुमची,
सत्तरीची टीचर